टीसीएल टाकली, पण किती आणि कशी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की ‘विहिरीत टीसीएल (पाणी शुद्ध करणारी ब्लीचिंग पावडर) टाकली’ एवढी नोंद वहीत होते आणि गाव निर्धास्त होतं. जुलै 2022 मध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत पटकीची म्हणजे कॉलऱ्याची साथ आली, ती विहिरीच्या दूषित पाण्यातूनच. जंतू पोटात गेलेल्या बहुतेकांना त्रास होतच नाही किंवा किरकोळ जुलाब होतात, तरी त्यांच्या शौचातून 1 ते 10 दिवस जंतू बाहेर पडत राहतात. म्हणून ‘रोगी सापडल्यावर बघू’ म्हणणाऱ्या गावाला नेहमीच उशीर होतो.

आधी मोजमाप. विहिरीच्या व्यासाचा (मीटरमध्ये) वर्ग करावा, त्याला पाण्याच्या खोलीने आणि 3.14 ने गुणून 4 ने भागावं. आलेल्या आकड्याला 1,000 ने गुणलं की लिटर मिळतात. दर 1,000 लिटरला 33 टक्के क्लोरीन असलेली ताजी टीसीएल 2.5 ग्रॅम लागते. व्यास 4 मीटर आणि पाणी 3 मीटर असेल, तर साधारण 37,700 लिटरला 94 ग्रॅम. ‘दोन ओंजळी’ हे माप नव्हे.

पावडर कोरडी भुरभुरून टाकू नये. बादलीत थोड्या पाण्यात गुठळ्या मोडून पातळ लगदा करावा, बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळावं आणि पाच-दहा मिनिटं स्थिर ठेवावी. एका बादलीत 100 ग्रॅमपेक्षा जास्त पावडर नको. तळाला बसतो तो चुना. तो विहिरीत गेला तर पाणी जड होतं. वरची निवळ दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली दोराने पाण्यात सोडावी आणि वर-खाली, आडवी अशी हलवावी. त्यानंतर किमान तासभर उपसा बंद. हे काम रात्री करणं उत्तम, कारण सकाळी सातला पावडर टाकली आणि सव्वासातला घागरी भरल्या, तर क्लोरीनला वेळच मिळत नाही. तासानंतर ओटी चाचणीत (ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले की क्लोरीन असलेलं पाणी पिवळं होतं) लिटरला 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसलं पाहिजे. रंगच आला नाही तर एक तर पाणी फार घाण आहे, किंवा पावडर मेलेली आहे. ग्रामपंचायतीच्या ओलसर खोलीत तोंड उघडं राहिलेल्या पोत्यातला क्लोरीन उडून जातो आणि उरतो नुसता चुना. साथीच्या काळात हे काम रोज करावं लागतं.

शहरात धोका नळाच्या वेळेत असतो. पाणी बंद झालं की वाहिनीतला दाब जातो आणि फुटक्या जोडातून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. नळाला थेट मोटर लावणारे हीच ओढ वाढवतात. म्हणून नळ आल्यावर पहिली काही मिनिटं पाणी भांड्याधुण्याला नव्हे, संडासाला किंवा झाडांना वापरावं.

घरी पाणी उकळायचं तर खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरतं. वीस मिनिटं उकळा असं सांगितलं, की गॅसच्या खर्चापायी लोक उकळणंच सोडतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवून गाळ बसू द्यावा, मग वरच्या पाण्यात क्लोरीनची गोळी. एक गोळी किती लिटरची ते पाकिटावर वाचावं. बांगलादेशात जुन्या सुती साडीच्या अनेक पदरी घडीतून पाणी गाळल्यावर पटकी निम्म्याजवळ घटली होती. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना चिकटलेले जंतू त्यात अडकतात. पण गाळणं क्लोरीनची जागा घेत नाही.

एवढं करून शुद्ध झालेलं पाणी बिघडतं ते तांब्याने. माठात हातासकट तांब्या बुडाला की सगळी मेहनत वाया. लांब दांड्याचं ओगराळं किंवा तोटीचा माठ, आणि वर घट्ट झाकण, एवढं हवंच. शौचानंतर, बाळाची शी काढल्यावर, कणीक मळण्याआधी आणि मुलाला भरवण्याआधी साबणाने वीस सेकंद हात धुवावेत, नखांच्या कडांसकट, आणि ते पदराला पुसू नयेत.

घरात तांदळाच्या धुवणासारखे जुलाब सुरू झाले, तर ओआरएसचं लिटरचं अख्खं पाकीट एक लिटर पाण्यातच घालावं. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात घातलं तर क्षार जास्त होऊन लहान मुलाला अपाय होतो. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने पाजत राहावं आणि रुग्णाला लगेच आरोग्य केंद्रात न्यावं. काही तासांत जीव जाऊ शकतो. शौच-उलटीवर लिटरला 60 ग्रॅम टीसीएलचं द्रावण ओतावं, फरशीला लिटरला 6 ग्रॅम पुरे. संडास धुण्याचं ॲसिड त्यात कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो.

आमची ग्रामपंचायतींना एक विनंती आहे. पावसात पाण्याची पातळी रोज बदलते, म्हणून विहिरीच्या आत दर मीटरला रंगाची रेघ ओढावी आणि बाहेर फलकावर मीटरमागे ग्रॅम लिहावेत. 4 मीटर व्यासाला ते 31 भरतात. त्याखाली टाकल्याची वेळ आणि तासानंतरची ओटी, रोज, खडूने.

— आरोग्य कर्मचारी, अमरावती जिल्हा