आधी घसा तपासून घे

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय सुधीर,

परवा तुझा फोन ठेवला तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. चिनूचा घसा पुन्हा धरला, तू मेडिकलमधून मागच्याच गोळ्या आणल्यास, आणि दोन दिवसांत ताप उतरला म्हणून बंदही केल्यास. असं करू नकोस रे.

गेल्या आठवड्यात ईशाचंही तेच झालं. सर्दी नाही, खोकला नाही, पण ताप सणसणीत आणि थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं तर टॉन्सिल लालबुंद, वर पांढरे ठिपके. नर्सने जीभ दाबून कापसाची लांब काडी, म्हणजे स्वॅब, दोन्ही टॉन्सिलवर आणि घशाच्या मागच्या बाजूला फिरवली. ईशाला उबळ आली, तोवर काम झालंसुद्धा. मग एका नळीत दोन द्रावणांचे थेंब टाकून त्यात ती काडी घुसळली. घशात स्ट्रेप नावाचे जिवाणू असतील तर त्याने त्यांच्या आवरणातली साखर सुटी होते आणि पट्टी नेमकी तीच पकडते. करोनाच्या टेस्टसारखंच. पाच मिनिटं मी त्या पट्टीवरून नजर हलवली नाही. फिकट, पण दुसरी रेघ उमटली. स्ट्रेप! अमॉक्सिसिलिन, पूर्ण दहा दिवस.

रेघ उमटली की बहुधा खरीच असते. नाही उमटली तर मात्र लहान मुलांचं इथे कल्चरही करतात, म्हणजे स्वॅबवरचे जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहतात, कारण खरोखर स्ट्रेप असलेल्या शंभरातली पंधराएक मुलं या पट्टीतून निसटतात. आणि बहुतेक घसेदुखी विषाणूंचीच असते, तिथे अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही.

माझी नलूमावशी आठवते ना तुला? दोन पायऱ्या चढली की कठडा धरून उभी राहायची. लहानपणी घसा धरला, मग गुडघे सुजले, तो संधिवाताचा ताप होता हे कुणाला कळलंच नाही. स्ट्रेपने घसा धरल्यानंतर येणाऱ्या या तापात शरीर स्वतःच्याच हृदयावर उलटतं. तिशीत तिची झडप बदलावी लागली. घसा धरल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झालं तरी तो ताप टाळता येतो, म्हणजे कल्चरसाठी दोन दिवस थांबायला हरकत नसते.

तेव्हा चिनूला उद्याच बालरोगतज्ज्ञांकडे ने. अर्धवट सोडलेल्या गोळ्यांचं नाव सांग, लपवू नकोस. तिकडे ही पट्टी मिळत नसेल तर घशाच्या स्वॅबचं कल्चर करायचं का, ते विचार. पुढच्या वेळी स्वॅब आधी, गोळी नंतर.

रिपोर्ट आला की फोन कर, इथे मध्यरात्र असली तरी. वहिनींना आणि काकूंना नमस्कार.

तुझाच,
विन्या