कप-डिस्क रेशोशेजारी डिस्कचा आकारही लिहा

मा. संपादक,

कोल्हापूर शहरात आणि कागल, शिरोळ, राधानगरीकडच्या गावांत नेत्रतपासणी शिबिरे होतात, ती व्हायलाच हवीत. मात्र तिथे हातात पडणाऱ्या चिठ्ठीवर पुष्कळदा एवढेच लिहिलेले असते : ‘कप-डिस्क रेशो ०.७, काचबिंदूचा संशय’. माणूस घाबरून जातो. डिस्क केवढी आहे हे न लिहिता नुसता रेशो दिला, तर त्यावरून फारसे काही ठरत नाही.

दृष्टीची नस डोळ्यातून बाहेर पडते ती जागा म्हणजे ऑप्टिक डिस्क. तिच्यातून साधारण दहा-बारा लाख तंतू जातात. तंतूंनी भरलेली कड म्हणजे रिम आणि मधला रिकामा खोलगट भाग म्हणजे कप. कपच्या व्यासाला डिस्कच्या व्यासाने भागले की कप-डिस्क रेशो मिळतो. काचबिंदूत तंतू मरतात, रिम झिजते आणि कप मोठा होतो, म्हणून हा रेशो पाहतात. निरोगी डोळ्यांतही डिस्कच्या आकारात कितीतरी पटींचा फरक सापडतो. समजा, तीन माणसांच्या डोळ्यांत रिमचे क्षेत्रफळ सारखेच, १.५ चौरस मिलिमीटर आहे. डिस्क ३ चौरस मिलिमीटरची असेल तर रेशो ०.७ येतो, २ ची असेल तर ०.५ आणि १.६ ची असेल तर जेमतेम ०.२५. तिघेही तितकेच निरोगी. धोका खरा उलट्या बाजूला आहे. लहान डिस्कमध्ये ०.५ चा कप म्हणजे बरीच रिम गेलेली असू शकते, पण आकडा ‘नॉर्मल’ दिसतो म्हणून त्या माणसाला घरी पाठवले जाते.

आकार मोजायला महागडे यंत्र लागत नाही. स्लिट लॅम्पवर (डोळे तपासण्याच्या नेहमीच्या सूक्ष्मदर्शकावर) ९० डायॉप्टरची लेन्स धरून प्रकाशाच्या पट्टीची उंची डिस्कच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत जुळवायची, पट्टीवरचा आकडा वाचायचा आणि १.३ ने गुणायचे. ७८ ची लेन्स असेल तर १.१ ने. पट्टी १.४ भरली तर डिस्क साधारण १.८ मिलिमीटर, म्हणजे मध्यम. दीडच्या खाली लहान, २.२ च्या वर मोठी. डिस्कभोवतीचे पांढरे कडे मात्र मोजमापात धरायचे नाही, नाहीतर लहान डिस्क मध्यम म्हणून लिहिली जाते.

‘वयामुळे असेल’ किंवा ‘बायकांचे वेगळे असते’ असेही नेहमी ऐकू येते. डिस्क वयाबरोबर मोठी होत नाही. जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच ती जवळपास मोठ्या माणसाएवढी होते. वयाने कमी होतात ते तंतू. ओसीटीवर (प्रकाशाने डोळ्यातले थर मोजणाऱ्या यंत्रावर) डिस्कभोवतीच्या तंतूंच्या थराची सरासरी जाडी निरोगी प्रौढात ९० ते १०० मायक्रॉनच्या आसपास असते आणि दर दहा वर्षांना ती साधारण २ मायक्रॉनने घटते. म्हणून यंत्र तुलना करते ती त्याच वयाच्या निरोगी लोकांशी, आणि म्हणूनच जन्मतारीख नीट भरणे महत्त्वाचे. आपल्याकडे कित्येक वडीलधाऱ्यांच्या कागदावर १ जून हीच तारीख असते आणि सालही अंदाजाचे. यंत्र नॉर्मल थर हिरव्या आणि फार पातळ थर लाल रंगात दाखवते; वय दहा वर्षांनी चुकले तर सीमेवरच्या रिपोर्टचा रंग बदलू शकतो.

स्त्री-पुरुषांतला फरक त्या मानाने किरकोळ. पुरुषांचा डोळा सरासरी अर्धा मिलिमीटर लांब असतो. डिस्कच्या आकारातला फरक काही पाहण्यांत थोडासा दिसतो, काहींत दिसतच नाही. त्यामुळे बायकांसाठी वेगळा रेशो आणि पुरुषांसाठी वेगळा, असे काही धरू नये. डोळ्याची लांबी मात्र विचारात घ्यायलाच हवी. मोठा मायनस नंबर असलेल्या लांब डोळ्यात यंत्राचे मोजण्याचे वर्तुळ डिस्कपासून दूर, पातळ भागावर पडते आणि निरोगी डोळाही लाल रंगात येतो. मोतीबिंदू दाट असेल, डोळा कोरडा असेल, तरी सिग्नल (यंत्राला मिळणाऱ्या प्रतिमेचा दर्जा) घसरून थर पातळ दिसतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तोच थर जाड भरतो, म्हणून जुन्या आणि नव्या रिपोर्टची सरळ वजाबाकी करू नये. एकाच यंत्रावरही दोन तपासण्यांत चार मायक्रॉनपर्यंतचा फरक नुसता मोजण्यातला असू शकतो.

आमची शिबिरांच्या आयोजकांना आणि तपासणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे : चिठ्ठीवर रेशोशेजारी डिस्कची उभी लांबी, चष्म्याचा नंबर आणि डोळ्याचा दाब लिहा. ओसीटी केली असेल तर सिग्नलचा आकडाही लिहा. रुग्णांनी पहिला रिपोर्ट जपून ठेवावा आणि पुढची तपासणी शक्यतो त्याच यंत्रावर करून घ्यावी. दोन डोळ्यांच्या डिस्क सारख्या आकाराच्या असूनही रेशोत ०.२ किंवा जास्त फरक असेल, किंवा आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला काचबिंदू असेल, तर दाब नॉर्मल आला तरी फील्ड टेस्ट (नजरेच्या आवाक्याची तपासणी) टाळू नये. आणि ज्यांचे काचबिंदूचे थेंब चालू आहेत त्यांनी हे पत्र वाचून ते आपल्या मनाने बंद करू नयेत. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि डिस्क मोजून घ्यावी.

– नेत्रतपासणीच्या कामातील काही सहकारी, राजारामपुरी, कोल्हापूर