अडते ते चार्जिंगच्या जागेपाशी

महोदय,

विजेवरच्या मोटारींना पेट्रोल-डिझेलवाले मालक उगाच नाके मुरडतात, असा सूर हल्ली वारंवार ऐकू येतो. तो अर्धाच खरा आहे. इंजिन ऑइलची कटकट संपते, ब्रेक लावताना काही ऊर्जा बॅटरीत परत जाते, हे बहुतेकांना पटलेले आहे. अडते ते गाडी उभी करण्याच्या जागेपाशी. ज्याच्या दाराशी स्वतःचा प्लग आहे, तो रात्री गाडी चार्जिंगला लावून निर्धास्त झोपतो. सामायिक पार्किंगवाल्याला मात्र मीटर कोणाच्या नावावर आणि वायर कोणाच्या भिंतीवरून, इथपासून सुरुवात करावी लागते. जलद चार्जरवरही बॅटरी ८० टक्क्यांच्या पुढे गेली की वेग मंदावतो (विक्रेते हे आपणहून क्वचितच सांगतात). नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दर १० नव्या मोटारींपैकी जवळपास ९ विजेवरच्या होत्या खऱ्या, पण तिथे करसवलती वर्षानुवर्षे टिकवल्या गेल्या, हे दाखला देणारे सोयीस्करपणे विसरतात. सामायिक पार्किंगमध्ये चार्जर बसवण्याचा हक्क आणि जुनी गाडी विकताना बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेचे प्रमाणपत्र, एवढे जरी नियमाने मिळाले, तरी माझ्यासारखे अनेकजण पुढची गाडी विजेवरची घेतील.

– एक मोटारमालक