सेमिनारला दुसरी तारीख द्या

महोदय,

मी बेळगावातल्या एका कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय भूगोल. राहते खानापूर तालुक्यात, जांबोटीजवळच्या एका खेड्यात. गेल्या आठवड्यात माझा सेमिनार होता. मलप्रभा नदी हा विषय मी मुद्दाम मागून घेतला होता. ती आमच्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते आणि ३०४ किलोमीटर वाहत जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते. हब्बनहट्टीचं मारुतीचं देऊळ पावसात पाण्याखाली जातं, त्याचे फोटोही मी स्वतः जाऊन काढले होते.

आदल्या रात्री ताप भरला. आई म्हणाली, “अंगाला हात लावला तर चटका बसायलाय, उद्या कुठं जातीस?” पण इंटर्नलचे दहा गुण होते. आपल्या नंबरच्या दिवशी हजर नसलं तर शून्य. अपवाद एकच, डॉक्टरांचा शिक्क्याचा दाखला, आणि तोही त्याच दिवशी सकाळी दहाच्या आत कॉलेजात पोचला पाहिजे. आमच्या गावाहून दाखला घेऊन दहाच्या आत बेळगाव गाठता आलं, तर सेमिनार द्यायलाच काय हरकत होती?

सकाळी सहाला पॅरासिटामॉलची ६५०ची गोळी घेतली, थोडी पेज प्यायले आणि बस पकडली. २०२३च्या जूनपासून बायकांना तिकीट नाही, तेव्हापासून सकाळच्या गाडीत जागा मिळायची आशा मी सोडली आहे. तक्रार नाही, त्या मोफत प्रवासावरच माझं कॉलेज चाललंय. पिरनवाडी येईपर्यंत लोखंडी दांड्याला कपाळ टेकून उभी होते. तो दांडा गार होता, तेवढंच सुख.

गोळीचा अंमल चार ते सहा तास. माझा नंबर साडेदहाला, म्हणजे हिशेब बसत होता. पण कोणी पाहुणे आले, सगळ्या वर्गाला सभागृहात नेऊन बसवलं, आणि माझं नाव पुकारलं तेव्हा पाऊण वाजून गेला होता. उभी राहिले तशी आधी हुडहुडी भरली. पॉइंटरचा लाल ठिपका कणकुंबीवर ठेवायचा होता, तो हुबळीपर्यंत नाचत होता.

म्हादई नदीच्या पाण्याची वाटणी ठरवणाऱ्या लवादाचा निकाल १४ ऑगस्ट २०१८चा. कळसा नाल्याचं १.७२ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) आणि भांडुऱ्याचं २.१८ टीएमसी पाणी मलप्रभेकडे वळवायची मुभा त्यात आहे. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन, पण त्या दिवशी आकडे उलटे सांगितले. मॅडमनी इंग्रजीत विचारलं, नक्की का? माझ्या तोंडून निघालं, “थांबा मॅडम, सांगतो की.” आमच्याकडे घरात मुलीही येतो-जातोच म्हणतात. इंग्रजी सेमिनारात ते ऐकून मागचे बाक हसले. एरवी मीही हसले असते. मारुतीच्या देवळापर्यंत मी पोचलेच नाही, मध्येच खाली बसले.

दहापैकी पाच पडले. मॅडमना दोष देत नाही, पाण्याची बाटली त्यांनीच पुढे केली, गुण मात्र नियमाप्रमाणे. पुढचे तीन दिवस अंथरुणात होते. रक्त तपासलं, डेंग्यू निघाला नाही.

नियम का केला असेल ते मला कळतं. दांडी मारायला ताप हे जुनं कारण आहे. पण दांडी मारणारा दाखला कुठूनही पैदा करतो, अडकतो तो खरोखर झोपलेला. शिवाय या पावसात वर्गाच्या खिडक्या बंद असतात आणि आम्ही सगळे दाटीवाटीने बसतो. अशा वर्गात तापाचं माणूस आणून उभं करायचं, हे दुसऱ्यांच्याही भल्याचं नाही.

मागणं मोठं नाही. सत्र संपण्याआधी राहिलेल्यांसाठी एक दिवस ठेवावा, आणि दाखला आठवड्याभरात दिला तरी चालावा. त्यातूनही कोणी आजारी असून आलंच, तर त्याचा नंबर पहिला घ्यावा, बसून बोलू द्यावं.

उरलेले सेमिनार सोमवारी आहेत. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला शुक्रवारपासून ताप आहे आणि तिचा नंबर सोमवारीच आहे. निदान तिला तरी दुसरी तारीख मिळावी म्हणून हे पत्र.

एक विद्यार्थिनी, ता. खानापूर
(नाव व पत्ता आपल्याकडे दिला आहे, कृपया छापू नये.)