गाईड तक्त्यावरून नव्हे, रॉड वाकवून बसवावेत

प्रति,
संपादक महोदय,

विषय: लांब फेकीच्या रॉडवरील गाईडची (दोरी ज्यातून ओवतात त्या कड्यांची) निवड आणि त्यांच्या जागा

आपल्या रविवार पुरवणीत गळाने मासे धरण्याच्या छंदावर आलेला लेख वाचला. समुद्र नसलेल्या मराठवाड्यात समुद्रकिनाऱ्यावरच्या लांब रॉडविषयी कोणी इतक्या आस्थेने लिहील असे वाटले नव्हते, त्यामुळे लेखकाचे आणि आपले आभार मानतो. मात्र स्वतः रॉड बांधू इच्छिणाऱ्यांसाठी लेखासोबत जी चौकट दिली आहे, तिच्यातील दोन विधानांवर माझा आक्षेप आहे. रिळाकडचा पहिला गाईड जितका मोठा तितकी फेक लांब जाते आणि गाईड जितके अधिक तितका रॉड मजबूत होतो, असे त्यात म्हटले आहे. शिवाय बारा फुटी रॉडसाठी गाईडच्या अंतरांचा एक तयार तक्ता देऊन तो जसाच्या तसा वापरावा, असेही सुचवले आहे. या सल्ल्यावर विसंबून कोणी महागडी नळी (रॉडचा मूळ कार्बनचा दांडा) आणि रीळ घेतले, तर त्याचे पैसे आणि श्रम दोन्ही वाया जाण्याचा संभव आहे.

आपल्याकडे हा रॉड लागतो कशाला, हे आधी सांगितले पाहिजे, कारण गाईडची निवड त्यावरच ठरते. नाथसागर किंवा मांजरा प्रकल्पासारख्या जलाशयांत उन्हाळ्यात पाणी मागे सरकते, काठाचा उतार सौम्य असतो आणि खोल पाणी उभ्या जागेपासून बरेच दूर राहते. कटला, रोहू किंवा शिंगाडा या माशांसाठी तिथवर आमिष पोहोचवायचे, तर सहा-सात फुटी रॉड अपुरा पडतो. तोच अकरा ते तेरा फुटी रॉड सुट्टीत कोकणातल्या किनाऱ्यावर रावसासाठी नेला जातो, आणि तेथे शंभर ते दीडशे ग्रॅमचे शिसे, म्हणजे दोरीच्या टोकाचे वजन, लाटांपलीकडे टाकावे लागते. म्हणजे एकाच रॉडला गोड्या पाण्यातला गाळ आणि खाऱ्या पाण्यातली वाळू या दोन्हींशी सामना करायचा असतो. (जलाशयाच्या काठी गळ टाकण्यापूर्वी ते पाणी ज्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असेल तिची परवानगी घ्यावी, आणि जायकवाडी पक्षी अभयारण्याच्या हद्दीत तर नियम आधी विचारून घ्यावेत, हेही त्या चौकटीत असायला हवे होते.)

आता पहिल्या गाईडविषयी. स्पिनिंग रीळ म्हणजे ज्याची दोरी गुंडाळलेली फिरकी फेकताना स्थिर राहते ते. त्यावरून दोरी सरळ सुटत नाही, ती रुंद वेटोळी घेत सुटते. ही वेटोळी हळूहळू आवळून दोरी एका रेषेत आणणे हे रिळापुढच्या दोन-तीन गाईडचे काम असते. जुनी पद्धत अशी होती की पन्नास मिलिमीटर किंवा त्याहूनही मोठ्या रिंगपासून सुरुवात करून शेंड्यापर्यंत आकार थोडाथोडा कमी करीत न्यायचा, म्हणजे सबंध रॉडभर एक लांबलचक नरसाळेच धरायचे. या पद्धतीत दोरी अर्ध्या रॉडपर्यंत डुलत राहते, नळीवर आपटते आणि मोठ्या गाईडचे वजन नको तिथे जाऊन बसते. जपानच्या फुजी कंपनीने पुढे रूढ केलेल्या पद्धतीत हे आवळण्याचे काम पहिल्या दोन-तीन गाईडमध्येच उरकले जाते आणि तिथून शेंड्यापर्यंत एकाच लहान मापाचे, हलके गाईड लावले जातात. हे पहिले गाईड उंच पायांचे असावे लागतात. रिंग त्या मानाने लहान असली तरी चालते. पहिल्या जागी पंचवीस किंवा तीस मापाचा उंच गाईड लावलेला रॉड पन्नास मापाचा बुटका गाईड लावलेल्या रॉडपेक्षा लांब फेकतो, असा अनुभव आज अनेक बांधणारे सांगतात, आणि माझाही तोच आहे. येथे माप म्हणजे रिंगचा बाहेरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. आतले भोक त्याहून लहान असते, हे खरेदी करताना ध्यानात ठेवावे.

मग आवळण्याचे हे काम कुठे संपायला हवे? त्यासाठी कोणताही तक्ता लागत नाही. रीळ ज्या जागी बसणार आहे तिथे ते घट्ट बांधावे, आणि रिळाच्या फिरकीच्या मध्यातून जाणारा आस पुढे वाढवला तर तो नळीला कुठे छेदतो ते लांब सरळ पट्टी किंवा ताणलेला दोरा धरून पाहावे. स्पिनिंग रीळ नळीच्या खाली टांगलेले असले तरी त्याचा आस किंचित वर झुकलेला असतो, त्यामुळे तो पुढे कुठेतरी नळीला मिळतोच. त्या बिंदूजवळ लहान गाईडपैकी पहिला येतो. फिरकीच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून त्या गाईडपर्यंत दोन दोरे ताणले, की मधल्या उंच गाईडच्या रिंगांची उंची आणि माप कोणते हवे ते डोळ्यांनाच दिसते. रीळ बदलले, फिरकीचा व्यास बदलला किंवा रिळाची बैठक चार बोटे मागेपुढे झाली, तरी हा बिंदू सरकतो. रिळाची बैठक फेकणाऱ्याच्या हाताच्या लांबीवर ठरवायची असते, म्हणून एकाच नळीवर दोन माणसांसाठी बांधलेल्या रॉडचे गाईडही एकाच जागी येत नाहीत. छापील तक्ता बनवणाऱ्याच्या मनात कोणते रीळ होते आणि त्याचे हात किती लांब होते, हे वाचकाला कळणार कसे?

दोरी कोणती वापरणार, हेही आधीच ठरवावे. जाड नायलॉनची दोरी ताठ असते आणि तिची वेटोळी मोठी पडतात, म्हणून तिच्यासाठी पहिली रिंग थोडी मोठी घेणे योग्य ठरते. विणलेली ब्रेड दोरी बारीक आणि मऊ असते. ती लहान रिंगमधून सहज जाते, परंतु वारा असताना तिचा सैल फास पहिल्याच गाईडच्या पायात अडकतो आणि भर फेकीत शिसे तुटून जाते. ज्या गाईडची चौकट पुढच्या बाजूला झुकलेली असते त्यावरून असा फास घसरून सुटतो. एप्रिल-मेच्या दुपारी उघड्या काठावर जे वारे सुटतात त्यात गळ टाकणाऱ्याने अशीच चौकट घ्यावी. ब्रेडच्या टोकाला फेकीचा धक्का सोसण्यासाठी जाड दोरीचा तुकडा जोडतात. त्याची ताकद दर औंस (सुमारे अठ्ठावीस ग्रॅम) शिशामागे दहा पौंड, म्हणजे दीडशे ग्रॅम शिशाला पन्नास पौंडांच्या पुढे, असा ढोबळ नियम आहे. या जोडाची गाठ शेंड्याकडच्या लहान गाईडमधून न अडखळता गेली पाहिजे. वजन वाचवण्याच्या हौसेने अगदी बारीक गाईड लावणारे नेमके इथे अडतात. गाठ आधी बांधावी, ती रिंगमधून ओढून पाहावी आणि मगच माप पक्के करावे.

गाईडच्या संख्येचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि चौकटीतील विधान येथेच सर्वाधिक दिशाभूल करते. प्रत्येक गाईडसोबत धातू, दोऱ्याचे वेष्टन आणि त्यावरचे इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा लेप) असे तिहेरी वजन नळीवर चढते. मुठीजवळ ते जाणवत नाही. शेंड्याजवळ मात्र एकेक ग्रॅम फेकीचा वेग खातो, आणि शिसे सुटल्यानंतर रॉड लवकर स्थिर होण्याऐवजी थरथरत राहतो. गाईडचे नळीवर बांधले जाणारे लांब, ताठ पाय नळीला तेवढ्या भागात वाकू देत नाहीत, म्हणून शेंड्याकडे आखूड पायांचे गाईड लागतात. दुसरीकडे गाईड फारच कमी असले, तर मासा ओढत असताना सगळा ताण मोजक्या ठिकाणी एकवटतो आणि दोरी तिथे तीव्र कोनात वळते. थोडक्यात, रॉडच्या वाकासोबत दोरीलाही वळता येईल इतके गाईड पुरेत. स्पिनिंगच्या अकरा-बारा फुटी रॉडवर हा आकडा बहुधा सहा ते आठ आणि वर शेंड्याचा एक, असा येतो.

मल्टिप्लायर रीळ, म्हणजे ज्याची फिरकी फेकताना स्वतः फिरते ते, वापरणाऱ्यांचा हिशेब निराळा असतो, आणि लेखात त्याचा उल्लेखही नाही. स्पिनिंगमध्ये रीळ आणि गाईड खाली असतात. रॉड वाकला की दोन गाईडमधली दोरी नळीपासून दूर जाते. मल्टिप्लायरमध्ये गाईड नळीच्या वर असतात. रॉड वाकला की दोन गाईडमधली दोरी सरळ रेषा धरू पाहते आणि नळीवरच टेकते. ताणाखालची दोरी नळीवर घासणे दोरी आणि नळी दोन्हींना घातक असते. त्यामुळे अशा रॉडवर गाईड दोन-तीन जास्त आणि जवळजवळ लावावे लागतात, शिवाय रॉडला हातात पिळा पडू पाहतो तो वेगळाच. स्पिनिंगचा तक्ता पाहून मल्टिप्लायरचा रॉड बांधणाऱ्याला याचा अनुभव पहिल्याच मोठ्या माशाला येईल.

जागा ठरवण्याची पद्धत अशी आहे. शेंड्याच्या गाईडला लागून येणारा गाईड त्याच्यापासून दहा ते पंधरा सेंटिमीटरवर धरून पुढची अंतरे क्रमाने वाढवीत जावे आणि सर्व गाईड चिकटपट्टीने किंवा सायकलच्या ट्यूबच्या बारीक कड्यांनी तात्पुरते बसवावेत. दोन तुकड्यांच्या रॉडमध्ये सांध्यावर गाईड येत असेल तर तो सरकवावा. सांध्याच्या बाहेरच्या नळीच्या तोंडाला मात्र दोऱ्याचे स्वतंत्र वेष्टन अवश्य द्यावे, कारण तडा तिथूनच जातो. मग रॉडची मूठ तिरकी घट्ट बांधून गाईडमधून दोरी ओवावी, तिच्या टोकाला हळूहळू वजन वाढवीत नेऊन रॉड चांगला वाकवावा आणि बाजूला उभे राहून दोरीची रेषा पाहावी. जिथे दोरी कोनात मोडलेली दिसते तिथे शेजारचे गाईड जवळ आणावेत. जिथे ती अकारण नळीच्या वाकाच्या अगदी जवळून चालते तिथे एखादा गाईड काढून पाहावा. नळीचा वाक जसा असेल तसे हे बदलते: केवळ शेंड्याकडे वाकणाऱ्या कडक नळीवर गाईडची दाटी वरच्या भागात होते, तर मुठीपर्यंत वाकणाऱ्या मऊ नळीवर ती खालपर्यंत पसरते. नळीचा कणा, म्हणजे तिची सर्वांत ताठ बाजू, शोधून गाईड त्याच रेषेत लावण्यावर काही जण फार भर देतात. मी नळी डोळ्यासमोर धरून ती ज्या रेषेत सर्वांत सरळ दिसते ती रेषा पसंत करतो, त्याने काही बिघडत नाही.

यानंतर मोकळ्या रानात गळ न लावता, हलक्या शिशाने, सावकाश फेकून पाहावे. चिकटपट्टीवरचा गाईड जोराच्या फेकीत निसटू शकतो, म्हणून समोर आणि मागे कोणी नसावे. डोक्यावर विजेच्या तारा नसाव्यात, हे आपल्या शेतशिवारात विशेष सांगावे लागते, कारण कार्बनच्या नळीतून वीज वाहते. दोरी नळीवर फटफटत असेल तर पहिला गाईड चार-पाच सेंटिमीटर पुढेमागे करून पुन्हा फेकावे. एवढ्याशा फरकाने आवाज थांबतो आणि शिसे पुढे जाते.

साहित्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. रिंग ॲल्युमिनियम ऑक्साईडची असली तरी बहुतेकांचे भागते. सिलिकॉन कार्बाईड अधिक कठीण, गुळगुळीत आणि महाग असते. साध्या क्रोम रिंगवर गाळाने भरलेली ब्रेड दोरी चरे पाडते, अशी रिंग टाळावी. चौकट स्टेनलेस स्टीलची असेल तर कोकणातून परतताना, घरी येण्याची वाट न पाहता, गोड्या पाण्याने धुवावी. टायटॅनियमला गंज लागत नाही, पण खिसा पाहूनच तो विचार करावा. धरणाच्या भिंतीवरच्या काळ्या दगडांवर रॉड आपटला की सिरॅमिकच्या (ऑक्साईड किंवा कार्बाईडच्या) रिंगला डोळ्यांना न दिसणारा तडा जातो आणि तो दोरी कापत राहतो. कापसाचा बोळा रिंगमधून फिरवला की तंतू अडकून तो तडा सापडतो.

बांधताना आपल्या हवेचा विचार करावा लागतो. गाईडच्या पायांची टोके कानशीने घासून पातळ करावीत, म्हणजे दोरा त्यावर सुरळीत चढतो आणि पायाची धार नळीत रुतत नाही. इपॉक्सीचे दोन भाग अचूक सम प्रमाणात मिसळावे लागतात, आणि चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात ते फार लवकर घट्ट होऊ लागतात, म्हणून हे काम पहाटे, बंद खोलीत, थोडे थोडे मिसळून करावे. अंगणात केले तर धूळ कायमची आत बसते. ते घट्ट होईपर्यंत रॉड मंद गतीने फिरत राहिला पाहिजे. शेंड्याचा गाईड पुढे बदलता यावा म्हणून गरम करून सुटणाऱ्या गोंदाने लावतात. मेमध्ये उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत तो गोंद मऊ पडून गाईड तिरका होतो, हे येथल्या वाचकांना मुद्दाम कळवावेसे वाटते.

ज्यांनी तयार रॉड आधीच घेतला आहे आणि ज्यांची दोरी नळीवर आपटते, त्यांनी नवा रॉड घेण्यापूर्वी केवळ पहिला गाईड हलवून पाहावा. वेष्टनावर पाते फिरवायचे ते गाईडच्या धातूच्या पायावरच. नळीवर फिरवले तर कार्बनचे तंतू कापले जातात. पाय उघडा पडला की इपॉक्सी किंचित गरम करून दोरा उलट दिशेने सोलत काढता येतो, आणि तोच गाईड नव्या जागी पुन्हा बांधता येतो.

आपला विश्वासू,
एक वाचक, पैठण