हलकंफुलकं म्हणे!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला 'अम्ब्रेलाज ऑफ शेरबूर्ग' या फ्रेंच सिनेमावरचा (तोच, ज्यात सगळे संवाद गाऊन म्हणतात) लेख वाचला आणि चहा गार झाला. हलकीफुलकी, गोड प्रेमकहाणी? अहो, पोरगा अल्जीरियाच्या लढाईवर जातो, इकडे पोरीला दिवस गेलेले, त्याची पत्रं येईनाशी होतात आणि ती हिऱ्यांच्या व्यापाऱ्याशी लग्न करते. यात गोड काय, तर भिंतीचा वॉलपेपर! आणि नायिका कॅथरीन दनवच्या 'मधाळ आवाजा'चं कौतुक वाचून तर हसावं की रडावं कळेना. गायलीये दानिएल लिकारी. लताबाई-आशाबाईंच्या देशातल्या पेपराला प्लेबॅक माहीत नसावा, कमाल आहे.

चिडायला माझं खासगी कारणही आहे. कॉलेजात असताना एका फिल्म क्लबात हा सिनेमा लागला होता. सुरुवातीलाच गॅरेजमधला एक मेकॅनिक म्हणतो की मला बाबा ऑपेरा नको, सिनेमा बरा, आणि हेही गाऊनच, त्यावर हॉल हसला, नंतर कोणी हसलं नाही. शेवटी डिसेंबर १९६३, बर्फ पडतंय, पेट्रोल पंपावर ती मोठी गाडी घेऊन येते, पंप त्याचाच, दोघं आत ऑफिसात जातात, मागून पोऱ्या येऊन विचारतो सुपर भरू की साधं (तेही गाऊन), बाहेर गाडीत या दोघांची मुलगी बसलेली, आता ही विचारणार तिला बघायचंय का, आणि तेवढ्यात क्लबच्या सेक्रेटरींनी फटकन दिवे लावले! का, तर नऊला हॉल रिकामा करून द्यायचा होता. लोक उठले, खुर्च्या सरकल्या, मागे संगीतकार लग्राँचं ते संगीत टिपेला गेलेलं आणि आमचे साहेब माइकवरून सांगतायत की वर्गणी राहिलेल्यांनी भरून टाका.

तो मुलीला बघतो की नाही, हे कळायला मला पुढे अकरा वर्षं लागली, डीव्हीडी आल्यावर. नाही बघत. नुसती मान हलवतो. मी तो सीन रिवाइंड करून चार वेळा पाह्यला, बायको म्हणाली बास आता, जेवायला चला.

तुमच्या लेखकाने हा शेवट पाहिलेला नाही असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांच्याही हॉलमध्ये कोणी दिवे लावले असतील तर मात्र शब्द मागे घेतो.

आणि हो, शब्दकोड्याचे आकडे जरा मोठे छापा हो, भिंग घेऊन बसावं लागतं.

आपला,
एक जुना वर्गणीदार