आधी माणसं मांड

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

मोझांबिकमधल्या बेइरा शहरातल्या ग्रांदे हॉटेलचे तुझे आराखडे पाहिले. समुद्राकडची बाजू फार सुरेख काढली आहेस. पण एवढ्या मजल्यांवर एकही माणूस नाही, आणि प्रस्तावात तू लिहितेस की इमारत रिकामी करून पुन्हा आलिशान हॉटेल उभारावं. हे मला मान्य नाही.

तिथल्या ‘सेना’ नावाच्या रेल्वेमार्गाच्या कामावर असताना बेइराच्या पोन्ता जेआ भागातून माझं जाणं-येणं असे. त्या हॉटेलच्या गच्च्यांवर कपडे वाळत, दाराशी बायका टोमॅटोचे वाटे मांडून बसत. शेकडो कुटुंबांचं ते घर आहे.

हॉटेल म्हणून ती वास्तू १९५४ ते १९६३ एवढीच चालली. पोर्तुगीज राजवटीत, ऱ्होडेशियाहून (आजच्या झिम्बाब्वेतून) येणाऱ्या श्रीमंत गोऱ्यांवर डोळा ठेवून बांधलेली. कसिनोला परवाना मिळाला नाही, खोल्या भरेनात, खर्च निघेना. पोहण्याचा तलाव तेवढा पुढेही वापरात राहिला. १९७५ ला देश स्वतंत्र झाला आणि दोनच वर्षांत यादवी पेटली, ती १९९२ पर्यंत. त्या काळात जीव मुठीत धरून आलेली माणसं इथे आसऱ्याला शिरली. त्यांनी लाकडी फरशी उखडून चुलीत घातली, नळ-तावदानं विकली. तू याला नासधूस म्हटलं आहेस. अगं, पोरांसाठी शीमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट लापशी, रांधायला सरपण नसेल तर आईबापांनी काय करावं?

तिथे वीज नाही, नळाला पाणी नाही. त्याच तलावाच्या पाण्यात धुणी होतात. लिफ्टच्या जागी उघडे खड्डे आहेत, कठडे कित्येक ठिकाणी नाहीतच, आणि मुलं तिथेच खेळतात. मला सगळ्यात भीती वाटायची ती याची. बेइरा सखल शहर. मार्च २०१९ मध्ये इदाय चक्रीवादळाने ते झोडपून काढलं, आणि अशी वादळं पुन्हा येणार.

तेव्हा कठडे, पाणी, सांडपाणी, गळकी गच्ची इथून सुरुवात कर. आपल्या मुंबईत जुनी चाळ पाडून टॉवर उभा राहतो, तेव्हा मूळ भाडेकरूला त्यात खोली द्यावी लागते. बेइराच्या माणसाचा हक्क त्याहून कमी कसा?

लिफ्टच्या खड्ड्याभोवती भिंत किती उंचीची घेतेस, ते कळव. नवा आराखडा सरांना दाखवण्याआधी मला पाठव, जिन्याच्या मापांवरही बोलायचं आहे.

तुझा,
बाबा